विकलेले गाणे कोणाचे?

'रॉक बँड 4' हा गेम 5 ऑक्टोबर 2025 रोजी ऑनलाइन दुकानांतून काढून घेण्यात आला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या प्रकाशनाला दहा वर्षे पूर्ण होत होती. गेम बिघडला नव्हता, चाहतेही सरले नव्हते. त्यातल्या मूळ गाण्यांचे परवाने दहा वर्षांच्या मुदतीचे होते आणि ती मुदत संपली, एवढेच कारण. ज्यांनी तो आधी विकत घेतला त्यांना तो खेळता येईल; नव्या माणसाला मात्र दुकानात तो दिसणार नाही. त्याच्या जोडीला विकलेली सुटी गाणीही आपापली दहा वर्षे भरली की एकेक करून अशीच निघून जाणार आहेत.

गेम खेळणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर ही बातमी फारशी पोहोचली नाही. ती पोहोचायला हवी होती. गाणी, चित्रपट, पुस्तके आपण आज ज्या पद्धतीने विकत घेतो, त्या पद्धतीचे पुढे काय होते, याचा हा एक मोठा दाखला आहे.

हार्मोनिक्स या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर 2007 मध्ये पहिला 'रॉक बँड' आणला. प्लास्टिकची गिटार, चार पॅडचा ड्रम, पायाखाली पेडल आणि एक माइक एवढे सामान. पडद्यावर रंगीत खुणा सरकत खाली येतात, रेषेवर पोहोचल्या की त्या रंगाचे बटण किंवा पॅड वाजवायचे. चुकलात की तुमचे वाद्य गप्प होते, बाकीचे गाणे पुढे चालू राहते. आठवड्याला नवी गाणी यायची, एका गाण्याला साधारण दोन डॉलर पडायचे. 2013 ते 2015 या काळात खंड पडला, पण पुन्हा सुरुवात झाली आणि 25 जानेवारी 2024 रोजी हा क्रम कायमचा थांबला. तोवर अडीच हजारांहून अधिक गाणी जमली होती. दुकानाचे नाव रॉकचे होते, पण त्यात डिस्कोलाही जागा मिळाली, आणि आमच्या मते या गेमने सगळ्यात जास्त उपकार कोणावर केले असतील तर ते डिस्कोवर.

गाणे गेममध्ये कसे येते, हे पाहिले की असे का म्हणतो ते कळेल. आपण घरी ऐकतो त्या तयार ध्वनिमुद्रणातून गिटार स्वच्छ वेगळी काढणे कठीण असते. त्यासाठी स्टुडिओतली मूळ टेप लागते, जिच्यावर ड्रम, बास, गिटार, व्हायोलिन, गायिका प्रत्येकाची पट्टी स्वतंत्र असते. सत्तरच्या दशकातल्या या टेपा दोन इंच रुंदीच्या, सोळा किंवा चोवीस पट्ट्यांच्या. त्या कोणाच्या गोदामात आहेत, चालतात का, इथपासून शोध सुरू होतो. 2005 साली याच धाटणीचा पहिला 'गिटार हीरो' आला तेव्हा बहुतेक मूळ मुद्रणे मिळाली नव्हती, म्हणून दुसऱ्या वादकांकडून ती गाणी पुन्हा वाजवून घ्यावी लागली.

टेप मिळाली तरी काम संपत नाही. सत्तरच्या दशकात ठेका माणसे धरायची. ध्रुवपद आले की ड्रमवाला किंचित धावतो, कडव्याला परत येतो. ऐकणाऱ्याला ते जाणवतही नाही, गेमला मात्र प्रत्येक मात्रा नेमकी कुठे पडते ते सांगावे लागते. म्हणून एक माणूस कानाला हेडफोन लावून आवर्तनामागून आवर्तन लय मोजत जातो. मग खुणा मांडायच्या, त्याही चार पातळ्यांवर: नवशिक्यापासून मुरलेल्या खेळाडूपर्यंत. सोप्या पातळीवर दहातले सात आघात गाळायचे असतात. कोणते तीन ठेवले की गाणे तेच वाटेल, हा निर्णय संगीत कळणाऱ्यालाच घेता येतो. ही मांडणी म्हणजे त्या गाण्याचे एक बारकाईचे वाचन असते. स्ट्रीमिंगवर गाणे आज आहे, उद्याही असेल. ही मांडणी मात्र गेमबाहेर कुठेही नाही.

डिस्को हा ऐकायला सोपा आणि वाजवायला कठीण प्रकार आहे. त्याचा पायाभूत ठेका फिलाडेल्फियाचा ड्रमवादक अर्ल यंग याने 1973 साली हॅरोल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सच्या 'द लव्ह आय लॉस्ट'मध्ये पक्का केला, असे संगीताचे इतिहासकार मानतात. पाय प्रत्येक मात्रेला पडतो, आणि दोन मात्रांच्या मधोमध हाय-हॅटची झांज अर्धवट उघडून लगेच मिटते. गेममध्ये हा ठेका समोर आला की पडद्यावर दर मात्रेला नारिंगी आडवी रेघ येते, तिच्यामध्ये पिवळी खूण. रेघेमागून रेघ, थांबा नाही. दोन मिनिटांत पोटरी भरून येते. वर्षानुवर्षे ज्या गाण्यांकडे नुसती नाचाची गाणी म्हणून पाहिले गेले, त्यांत एक माणूस पाच-पाच मिनिटे हे न डगमगता करत होता, हे तेव्हा पायाला समजते. गिटारचेही तसेच. शीक या बँडचा नाइल रॉजर्स वाजवायचा ते सूर इतके आखूड आणि दाबलेले, की गाण्याच्या गर्दीत ते वेगळे कानावर पडतच नाहीत. अशी गिटार खुणांवरून वाजवू गेले की मनगट क्षणभरही थांबत नाही, हे लक्षात येते. शाळेतल्या संगीताच्या तासाला जे कान घडवणे होत नाही, ते या खेळण्याने लाखो घरांत केले.

नाचाच्या गेमनेही हे केले. बोनी एमचे 'रास्पुतिन' 1978 सालचे. 2010 मध्ये 'जस्ट डान्स 2'मध्ये ते आले आणि ज्यांच्या आईवडिलांनी ते कॅसेटवर ऐकले असेल, अशा पोरांना त्याच्या हालचाली पाठ झाल्या. पुण्या-मुंबईच्या मॉलमधल्या गेम झोनमध्ये पायाखाली बाण उजळणाऱ्या मशीनवर नाचणारी मुले आपण पाहिलेली आहेत. कोनामीचे 'डान्स डान्स रिव्हॉल्यूशन' 1998 मध्ये जपानमध्ये सुरू झाले, त्याचीच ही वंशावळ.

डिस्कोला एकदा संपवण्याचा प्रयत्न झाला होता, आणि तो इतिहास आजच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे.

12 जुलै 1979. शिकागोचे कॉमिस्की पार्क हे बेसबॉलचे मैदान. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने जाहीर झाले होते, की डिस्कोची एक तबकडी घेऊन येणाऱ्याला 98 सेंटमध्ये प्रवेश. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्या तबकड्या पेटाऱ्यात भरून मैदानात स्फोटाने उडवण्यात आल्या. हजारो लोक मैदानात घुसले, खेळपट्टीची नासधूस झाली, आणि यजमान व्हाइट सॉक्स संघाला दुसरा सामना न खेळताच गमवावा लागला. त्या रात्री मैदानात व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करत होता. लोकांनी आणलेल्या तबकड्यांत नुसता डिस्को नव्हता, कृष्णवर्णीय कलावंतांचे कुठलेही संगीत होते, हे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे. रेडिओ केंद्रांनी डिस्को वाजवणे झपाट्याने कमी केले. ग्रॅमीचा सर्वोत्तम डिस्को मुद्रणाचा पुरस्कार 1980 मध्ये एकदाच दिला गेला, ग्लोरिया गेनरच्या 'आय विल सर्व्हाइव्ह'ला. नंतर तो विभागच बंद झाला.

तरीही डिस्को मेला नाही. का? कारण तबकड्या लोकांच्या घरी होत्या. जळल्या त्या काही हजार. उरलेल्या कपाटांत, क्लबांत, जुन्या बाजारात राहिल्या. त्याच शिकागोत वेअरहाउस या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स त्या वाजवत राहिला, त्यांचे तुकडे जोडून लांबवत राहिला. त्यातून हाउस संगीत जन्मले. आणि त्या मैदानातला तरुण व्हिन्स लॉरेन्स 1984 साली जेसी सॉन्डर्सच्या 'ऑन अँड ऑन' या हाउस संगीतातल्या आरंभीच्या तबकडीचा सहनिर्माता झाला. रेडिओ, कंपन्या, पुरस्कार सगळ्यांनी पाठ फिरवल्यावर त्या संगीताला वाचवले ते विकत घेतलेल्या वस्तूने. ती परत मागायला कोणी येऊ शकत नव्हते.

याचा आपल्याकडचा पुरावा तर मुंबईतच आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वाद्ये वाजवणारे वादक. 1982 साली त्यांनी रोलंडची तीन यंत्रे, ज्युपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303, घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. भैरव, ललत, यमन यांच्याखाली यंत्राचा अखंड ठोका. तबकडी चालली नाही, विसरली गेली. वीसेक वर्षांनी एका डच संग्राहकाला ती भारतात एका दुकानात सापडली, 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, आणि शिकागोच्या ॲसिड हाउस या हाउस-प्रकाराशी तिचे साम्य ऐकून जगभरचे संगीतप्रेमी चकित झाले. 2015 मध्ये निधन होण्यापूर्वी सिंग यांना परदेशातल्या मंचांवर ती वाजवता आली. दहा वर्षांच्या परवान्याने 1982 साली ती विकली गेली असती, तर 1992 मध्ये ती नाहीशी झाली असती आणि 2010 मध्ये पुन्हा काढायला काही उरलेच नसते.

तालावर खेळायच्या अशा रिदम गेमच्या जगात हे नाहीसे होणे घडून गेले आहे. 2015 च्या 'गिटार हीरो लाइव्ह'मध्ये डिस्कवर 42 गाणी होती, आणखी 484 गाणी कंपनीच्या सर्व्हरवरून वाजायची. 1 डिसेंबर 2018 रोजी सर्व्हर बंद झाला आणि गेममधली 92 टक्के गाणी एका दिवसात गेली. डिस्क तीच, गिटार तीच, वाजवणारा तोच. 'द बीटल्स: रॉक बँड'ची पूरक गाणी 2016 मध्ये दुकानातून गेली. निन्टेन्डोच्या वी कन्सोलचे दुकान जानेवारी 2019 मध्ये बंद झाले, एक्सबॉक्स 360 चे जुलै 2024 मध्ये.

कंपन्यांची बाजू आम्हाला ठाऊक आहे. एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. रचनेचे हक्क तीन-चार गीतकार-संगीतकारांत वाटलेले, ध्वनिमुद्रणाचे रेकॉर्ड कंपनीकडे, आणि दरम्यान त्या कंपनीला दुसऱ्या कंपनीने विकत घेतलेले. शेकडो गाण्यांसाठी हे सगळे नव्याने करायचे, तर जुन्या गेमच्या तुटपुंज्या विक्रीत वकिलांचा खर्चही निघत नाही. शिवाय हा धंदा एकदा हावरटपणाने बुडालेला आहे. 2009 या एका वर्षात 'गिटार हीरो'चे इतके अवतार बाजारात ओतले गेले की लोक कंटाळले. फेब्रुवारी 2011 मध्ये त्याची प्रकाशक कंपनी ॲक्टिव्हिजनने तो विभागच बंद केला. ज्या हार्मोनिक्ससाठी व्हायाकॉमने 2006 मध्ये 17.5 कोटी डॉलर मोजले होते, ती 2010 च्या अखेरीस नाममात्र रकमेला विकून टाकली. हे सगळे मान्य. पण ही अडचण विक्रेत्याची आहे. तिचा भार, पैसे मोजून गाणे घेणाऱ्याच्या आणि पुढच्या पिढीच्या माथी मारला गेला, हे आम्हाला मान्य नाही.

पुढे काय दिसते? हार्मोनिक्स 2021 मध्ये एपिक गेम्सची झाली आणि डिसेंबर 2023 मध्ये तिने 'फोर्टनाइट फेस्टिव्हल' आणले. खेळ जवळजवळ तोच, गाणी तिथल्या चलनात विकत घ्यायची. तिथे गर्दी मोठी आहे, आणि लहान मुलांना जुनी गाणी भेटतात याचा आनंदच आहे. पण ती गाणी 'फोर्टनाइट'च्या आवारात राहतात, आणि ते आवार चालू आहे तोवरच. डिस्क नाही, स्वतंत्र गेम नाही. ज्या दिवशी मालक भाडेकरार मोडेल, त्या दिवशी खोलीतले सामानही त्याचेच होईल.

दुसरी वाट चाहत्यांनी स्वतः पाडली आहे. 'स्टेपमेनिया' आणि 'क्लोन हीरो' हे मोफत गेम. त्यांच्यासाठी लोक रात्री जागून गाण्यांची मांडणी करतात, बिघडलेल्या गिटारची बटणे दुरुस्त करतात, एकमेकांना शिकवतात. कायद्याच्या दृष्टीने यातले पुष्कळसे अवघड जागी आहे, कारण गाण्यांचे हक्क त्यांच्याकडे नाहीत. पण अधिकृत दुकानाने जे फेकून दिले, ते जपायला माणसे फुकट राबायला तयार आहेत, याकडे हक्कदारांनी गुन्हा म्हणून पाहण्याऐवजी मागणी म्हणून पाहावे.

तिसरी वाट आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटते: गेमसाठी नवे संगीत रचून घेणे. 1996 चा 'पॅराप्पा द रॅपर' असाच होता. 2015 चा 'क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर' हा तळघरात राक्षसांशी तालावर लढण्याचा गेम, त्याचे संगीत डॅनी बॅरानोव्स्कीने खास त्यासाठी रचले. असे संगीत बाहेरच्या परवान्यावर टेकलेले नसते. जपानमध्ये नामकोचा 'ताइको नो तात्सुजिन' 2001 पासून मोठ्या ढोलावर खेळला जातो आहे. आपल्याकडे ढोलकी आहे, पखवाज आहे, ताशा आहे, ते शिकवणारी माणसे आहेत आणि गेम तयार करणारे तरुण पुण्यात बसलेले आहेत. त्यांनी एकत्र यावे. कोणाची परवानगी दहा-दहा वर्षांनी मागायला लागणार नाही असे लावणीच्या ढोलकीचे दहा तुकडे रचून घेणे ही अशक्य गोष्ट नाही.

पण जुन्या गाण्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही, त्याला कायदाच लागेल. कॅलिफोर्नियात 2025 च्या सुरुवातीपासून असा कायदा लागू आहे, की ग्राहकाला फक्त वापराचा परवाना मिळत असेल तर दुकानाने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. युरोपात बंद पडलेले गेम खेळता येण्याजोगे ठेवा, या मागणीच्या अर्जावर 10 लाखांहून अधिक सह्या झाल्या आहेत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये दाखवून दिले, की 2010 पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. आपल्याकडे 1954 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत मुंबईतल्या मध्यवर्ती ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना द्यावी लागते. ध्वनिमुद्रणे त्यात नाहीत आणि गेमही नाहीत. चित्रपटांसाठी पुण्यात 1964 साली राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले, तेही पुष्कळ मूकपट नष्ट होऊन गेल्यावर. भारतात तयार होणाऱ्या प्रत्येक गेमची एक प्रत, त्यातल्या गाण्यांसह, अशा संग्रहात जमा करण्याची सक्ती आताच व्हावी. आणि 'विकत घ्या' असे बटणावर लिहिणाऱ्या दुकानाने परवान्याची मुदत त्याच बटणाशेजारी, किमतीएवढ्याच अक्षरांत लिहावी.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरी 'रॉक बँड' किंवा 'गिटार हीरो'च्या डिस्क, प्लास्टिकची गिटार, जुना कन्सोल पडून आहे, त्यांनी ते भंगारात देऊ नये. विकत घेतलेली गाणी दुकान चालू आहे तोवर कन्सोलवर उतरवून घ्यावीत आणि त्यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. मुलाने गेमसाठी गाणे मागितले, तर पैसे देण्याआधी ते किती वर्षांसाठी मिळते आहे हे त्याच्यासोबत बसून वाचावे, आणि उत्तर कुठेच लिहिलेले नसेल तर दुकानाला लेखी विचारावे.